कॉलेजातील वक्तृत्व आणि वादविवाद : पाठांतराच्या पुढे काय शिकायचे?

शाळेत वक्तृत्वाची ढीगभर बक्षिसे मिळवलेला मुलगा कॉलेजच्या वादविवाद स्पर्धेत पहिल्याच फेरीत बाहेर पडतो, हे बेळगाव, खानापूर, निपाणी भागात नेहमीचे आहे. घरच्यांना वाटते, परीक्षकांनी पक्षपात केला. बहुतेक वेळा तसे नसते. शाळेच्या स्पर्धेत विषय महिनाभर आधी कळतो, भाषण सर किंवा बाई लिहून देतात आणि मूल ते घडाघडा म्हणते. कॉलेजच्या वादविवादात मात्र समोरचा आत्ता काय बोलला, त्याला उत्तर द्यावे लागते. ते कोणी लिहून देऊ शकत नाही.

वक्तृत्व म्हणजे एकट्याने विषय मांडणे. यात पाठांतर काही प्रमाणात चालून जाते, पण वेळेचे गणित चुकले की गुण जातात. पाच मिनिटांना साधारण पाचशे ते सहाशे शब्द पुरतात. अनेकजण नऊशे शब्द पाठ करून येतात आणि पहिली घंटा वाजली की एसटी सुटल्यासारखे बोलू लागतात. त्यात पुन्हा ‘व्यासपीठावर विराजमान सन्माननीय अध्यक्ष...’ पासून ‘माझ्या सुजाण मित्र-मैत्रिणींनो’ पर्यंतच्या नमनाला अर्धे मिनिट आणि त्यावर एखादी चारोळी. परीक्षकांनी ती सकाळपासून दहा वेळा ऐकलेली असते.

स्पर्धा कशा असतात?

मराठी वादविवादाची आपल्याकडची रुळलेली पद्धत म्हणजे एका कॉलेजचे दोन स्पर्धक, एक विषयाच्या बाजूने, दुसरा विरोधात. दोघांचे गुण मिळवून सांघिक फिरता चषक दिला जातो. पद्धत सोपी आहे, पण तिच्यात एक खोट आहे. दोन्ही भाषणे बऱ्याचदा एकाच सरांच्या हातची असतात आणि खंडन नावापुरते उरते. म्हणजे नाव वादविवादाचे आणि प्रत्यक्षात दोन वक्तृत्वे.

विद्यापीठांच्या पातळीवर असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीज, म्हणजेच एआययूचे युवा महोत्सव होतात. कॉलेजमधून विद्यापीठाच्या संघात, तिथून विभागीय आणि मग राष्ट्रीय फेरी, असा हा रस्ता आहे. त्यात वक्तृत्व, वादविवाद आणि प्रश्नमंजूषा हे साहित्य विभागातले प्रकार. वादविवादाला विषय चोवीस तास आधी मिळतो, प्रत्येकी पाच मिनिटे मिळतात आणि कागद वाचून बोलता येत नाही. माध्यम हिंदी किंवा इंग्रजी. मराठी किंवा कन्नड नाही.

लॉ आणि इंजिनिअरिंगच्या मुलांना ‘ब्रिटिश पार्लमेंटरी’ ही पद्धत जास्त माहीत असते. चार संघ, प्रत्येक संघात दोघे, प्रत्येकाला सात मिनिटे आणि विषय फक्त पंधरा मिनिटे आधी. बाजू आपण निवडायची नाही, ती वाट्याला येते. पहिले आणि शेवटचे मिनिट सोडून समोरच्या बाजूचा कोणीही उभा राहून प्रश्न विचारू शकतो. घ्यायचा की नाही ते वक्त्याने ठरवायचे. विद्यापीठांची जागतिक स्पर्धा याच पद्धतीने होते. २०१४ ची स्पर्धा चेन्नईत झाली होती.

एक विषय, दोन बाजू

समजा विषय असा आहे : ‘सणासुदीत गणपत गल्ली आणि खडेबाजारात चारचाकींना बंदी असावी.’ नवखा स्पर्धक गर्दीचे वर्णन करण्यातच तीन मिनिटे घालवतो. गर्दी होते हे सभागृहाला माहीत आहे. बाजूने बोलणाऱ्याने आधी बंदी म्हणजे नेमकी काय ते सांगायला हवे : दिवाळीआधीचे पंधरा दिवस, संध्याकाळी पाच ते रात्री नऊ. मग कारणाची साखळी जोडावी. चालायला जागा झाली की बायका-मुले निवांत फिरतात, दुकानात जास्त वेळ थांबतात, त्यात दुकानदाराचाही फायदा.

विरोधातला विचारेल, माल कधी उतरवायचा? यावर ‘हे म्हणणे साफ चुकीचे आहे’ असे ओरडणे म्हणजे खंडन नव्हे. बंदी संध्याकाळची आहे, माल सकाळी उतरवा, हे झाले उत्तर. मग विरोधातला हुशार असेल तर माल सोडून देईल आणि म्हणेल, ठीक आहे, पण या गाड्या जाणार कुठे? शेजारच्या अरुंद गल्ल्यांतच ना? म्हणजे त्रास संपला नाही, नुसता पत्ता बदलला. खरा वादविवाद इथे सुरू होतो. समोरच्याची माहिती खोटी ठरवणे हा खंडनाचा एकच मार्ग झाला. माहिती मान्य करून त्यातून निघणारा निष्कर्ष नाकारणे हा त्याहून भारी मार्ग.

यासाठी वही जमा-नावे खात्यासारखी आखावी. डावीकडे समोरच्याचा मुद्दा तीन-चार शब्दांत, उजवीकडे आपले उत्तर. उजवी बाजू जिथे रिकामी, तिथे आपली बाजू लंगडी. ऐकताना लिहायची सवय नसेल तर सगळी अभ्यासू तयारी वाया जाते.

विषयाची व्याख्या किती महत्त्वाची, याचे ठळक उदाहरण बेळगावातलेच आहे. १ मे १९१६ रोजी लोकमान्य टिळकांनी इथे होमरूलवर मराठीतून भाषण केले. हे एक आणि त्यानंतरची अहमदनगरची दोन, अशा तीन भाषणांवरून त्यांच्यावर राजद्रोही मजकुराबद्दल कारवाई झाली आणि वीस हजार रुपयांचा जातमुचलका मागण्यात आला. टिळकांनी भाषणांत राजा वेगळा आणि कारभार हाकणारी नोकरशाही वेगळी, असा भेद केला होता. त्यांच्या बाजूने बॅ. जीना उभे राहिले. मुंबई उच्च न्यायालयाने सुटी वाक्ये न उचलता भाषणाचा एकूण परिणाम पाहिला आणि नोव्हेंबर १९१६ मध्ये तो आदेश रद्द केला. आपण कशाला विरोध करतो आणि कशाला नाही, हे बोलतानाच नीट वेगळे करून ठेवलेले असले की ते असे उपयोगी पडते.

भाषेचा अडसर

मराठी माध्यमातून बारावी झालेली मुले डिग्रीला आली की गप्प होतात, ही सीमाभागातली खरी अडचण. वर्गात इंग्रजी, कार्यालयात कन्नड, महोत्सवात हिंदी. मुद्दा डोक्यात असतो, पण चूक होईल म्हणून हात वर होत नाही. यात नुकसान फक्त चषकाचे होत नाही. पुढे मुलाखतीत आणि गटचर्चेतही हीच मुले कोपऱ्यात बसतात.

मुद्द्यांचा सांगाडा मराठीत तयार करावा, वाक्ये मात्र मराठीतून भाषांतर करून बोलू नयेत. हिंदीत तर सारखे दिसणारे शब्द दगा देतात. आपली ‘शिक्षा’ दंडाची, त्यांची शिक्षणाची. आपली ‘चेष्टा’ टिंगल, त्यांची प्रयत्न. हिंदीत ‘मुझे आपत्ति है’ म्हणणाऱ्यावर संकट आलेले नसते, तो हरकत घेत असतो. ‘आवाज’ मराठीत पुल्लिंगी, हिंदीत स्त्रीलिंगी. असे पन्नास-साठ शब्द एकदा वहीत काढून ठेवले की निम्मी भीती जाते. उच्चारात थोडी बेळगावी झाक राहिली तर राहू द्यावी. मुद्दा पक्का असेल तर ती कोणी मनावर घेत नाही.

सराव

पाच-सहा जणांचा गट आणि आठवड्यातून एक तास एवढे पुरते. चिठ्ठी काढून एकाने दोन मिनिटे बोलायचे, दुसऱ्याने आधी त्याचा मुद्दा त्याला मान्य होईल असा स्वतःच्या शब्दांत सांगायचा आणि मगच उत्तर द्यायचे. ही अट सुरुवातीला फार जाचते, पण सर्वात जास्त शिकवते तीच. पुढच्या आठवड्यात बाजू उलट्या करायच्या. मोबाईलवर रेकॉर्ड करून ऐकले की ‘म्हणजे’, ‘तर’, ‘ॲक्च्युअली’ किती वेळा येते ते कळते.

वाचायला लोकसभेतील चर्चा आहेत. त्या शब्दशः छापल्या जातात आणि संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात मोफत मिळतात. राजापूरमधून १९५७ पासून तीनदा निवडून गेलेले बॅ. नाथ पै तिथे सापडतात. त्यांची भाषणे बरीचशी इंग्रजीत आहेत. मध्येच कोणी अडवले तर ते काय करतात, एवढे पाहिले तरी खूप.

मराठीतून बोलायची हौस असलेल्यांना चंदगड, गडहिंग्लज, कोल्हापूरकडच्या महाविद्यालयांच्या खुल्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा जवळ पडतात. प्रवेशासाठी बहुधा प्राचार्यांचे पत्र आणि कॉलेजचे ओळखपत्र लागते. प्रवासखर्च मिळणार का, बाहेरच्या विद्यापीठाचे स्पर्धक चालतात का आणि विषय किती दिवस आधी देणार, हे फोन करून आधीच विचारून घ्यावे.