शंभर गिऱ्हाइकांची मोटार

वाईट मोटारीच्या गोष्टी घरोघर असतात. बोरघाटाच्या चढणीवर रेडिएटरचें पाणी उकळून गाडी मध्येंच कशी थांबली, वऱ्हाडी मंडळींना खालीं उतरून धक्का कसा मारावा लागला, चालकानें रस्त्याकडेच्या ओढ्यांतून पत्र्याच्या डब्यानें पाणी कसें आणलें, हें सर्व पुढें पुष्कळ वर्षें हंसत हंसत सांगितलें जातें. त्या वेळीं मात्र कोणीहि हंसलेलें नसतें. अशा गोष्टींत दोष बहुधा गाडीच्या वयाचा, रस्त्याचा किंवा मालकाच्या काटकसरीचा असतो. परंतु कारखान्यांतून कोरी करकरीत निघालेली, मोठ्या नांवाची आणि नामांकित संशोधकानें योजिलेली गाडी पहिल्याच उन्हाळ्यांत निकामी ठरावी व कारखानदारानें ती एकूणएक परत मागवावी, असा प्रकार विरळा. अमेरिकेंत १९२३ सालीं तो घडला.

पेट्रोलच्या एंजिनांत जी उष्णता निर्माण होते, तिचा थोडाच भाग चाकें फिरविण्याच्या कामीं येतो. उरलेली कांहीं धुरावाटें जाते, कांहीं सिलिंडरच्या भिंतींत मुरते. ही मुरलेली उष्णता काढून नेली नाहीं, तर तेल जळतें, दट्ट्या घासूं लागतो, आणि पेट्रोलची वाफ ठिणगीची वाट न पाहतां भलत्याच क्षणीं आपोआप पेटते. म्हणून सिलिंडरभोंवतीं पाणी खेळवावयाचें आणि तें पुढच्या रेडिएटरमध्यें निववावयाचें, ही सर्वमान्य युक्ति. युक्ति चांगली, पण पाणी, नळ्या, रेडिएटर एवढा संसार गाडीनें जन्मभर बरोबर वाहावयाचा! आपल्याकडे घाटांत हें पाणी उकळतें. उत्तर अमेरिकेच्या हिवाळ्यांत तें गोठे. गोठलेलें पाणी फुगे आणि फुगतांना रेडिएटर व सिलिंडर तडकवी. सावध मालक रात्रीं पाणी सोडून देत व सकाळीं पुन्हां भरीत. हा सारा संसारच काढून टाकला तर? वाहत्या हवेनेंच एंजिन थंड ठेवतां आलें तर? हा प्रश्न वेडेपणाचा नव्हता. फ्रँकलिन नांवाचा कारखाना १९०२ पासून हवेनें थंड होणाऱ्या मोटारी विकीत होता. त्या चालत चांगल्या. पण त्या श्रीमंतांच्या गाड्या होत्या. स्वस्त गाडीला तसें एंजिन बसविणें कोणास साधलें नव्हतें.

तें साधण्याचें ज्यांनीं मनावर घेतलें, ते चार्ल्स केटरिंग हे कांहीं हवेंत किल्ले बांधणारे गृहस्थ नव्हते. ओहायो संस्थानांतील एका शेतकऱ्याच्या घरीं १८७६ सालीं त्यांचा जन्म झाला. तरुणपणीं त्यांनीं शाळामास्तरकी केली. डोळे अधू, त्यामुळें विद्यापीठाचें शिक्षण मध्येंच थांबवावें लागलें; तरी चिकाटीनें त्यांनीं एंजिनिअरची पदवी मिळविली. दुकानांतील गल्ल्याच्या यंत्राला त्यांनीं विजेवर चालणारी मोटर बसविली, आणि १९१२ सालच्या कॅडिलॅक मोटारीला विजेचा स्टार्टर दिला. त्यापूर्वीं मोटार चालू करावयाची म्हणजे पुढें उभें राहून हँडल मारावें लागे. एंजिनानें उलटा झटका दिला कीं मनगट मोडे. आज नुसत्या बोटानें मोटार चालू करणाऱ्या प्रत्येकावर या मनुष्याचे उपकार आहेत. १९२० सालीं जनरल मोटर्स कंपनीनें डेटन शहरीं आपली संशोधनसंस्था काढली आणि तिची धुरा केटरिंग यांजकडे दिली, यांत नवल कांहींच नव्हतें.

कंपनीची स्थिति त्या वेळीं मोठी अडचणीची होती. १९२० सालच्या मंदींत मोटारींचा खप एकाएकीं कोसळला. कंपनीचे संस्थापक ड्यूरंट हे नोव्हेंबरमध्यें पायउतार झाले व अध्यक्षपदीं पियर ड्यूपाँट आले. तिकडे हेन्री फोर्ड यांची 'टी' मोटार देश व्यापून बसली होती. १९२१ सालीं अमेरिकेंत खपलेल्या मोटारींपैकीं निम्म्याहून अधिक एकट्या फोर्डच्या. जनरल मोटर्सची स्वस्त गाडी जी शेव्हरोले, तिच्या वांट्यास शेंकडा चार देखील मुष्किलीनें आल्या. शेव्हरोले बंदच करावी, असा सल्ला बाहेरच्या तज्ज्ञांनीं दिला होता. अशा वेळीं केटरिंग यांनीं सांगितलें कीं, पाणी नको, रेडिएटर नको, वजनानें हलकें असें छोटें एंजिन आपणांजवळ तयार होत आलें आहे. बुडत्याला काठी दिसावी तसें संचालकांना झालें. फोर्डला फोर्डच्याच गाडीनें जिंकतां येणार नाहीं, मग अगदीं निराळीच गाडी काढावी, हा त्यांचा विचार. तो समजण्यासारखा होता. घाई मात्र समजण्यासारखी नव्हती.

युक्ति अशी होती. लोखंडापेक्षां तांबें उष्णता कितीतरी पट लवकर वाहून नेतें, हें स्वयंपाकघरांतील तांब्याच्या भांड्यावरूनहि कळतें. केटरिंग यांनीं तांब्याच्या पत्र्याच्या घड्या करून त्या ओतीव लोखंडाच्या सिलिंडरभोंवतीं भट्टींत झाळून पक्क्या बसविल्या. सिलिंडरला जणुं तांब्याची झालर लावली! एंजिनावरील पंख्यानें या पात्यांमधून हवा खेळवावयाची कीं काम झालें. मात्र तांबें तापल्यावर लोखंडापेक्षां अधिक फुगतें. दोन निराळ्या प्रकृतीच्या धातूंना एकत्र नांदवावयाचें होतें. डेटनच्या प्रयोगशाळेंत, निवडक कारागिरांच्या हातीं, तीं नांदलींहि. मोठ्या कारखान्यांत, रोज शेंकड्यांनीं सिलिंडर झाळतांना तीं नांदतील काय, याचा अनुभव कोणासच नव्हता.

आणि येथेंच खरें दुखणें सुरू झालें. चार सिलिंडरची गाडी शेव्हरोले विभागानें आणि सहा सिलिंडरची ओकलंड विभागानें काढावी, असें वरून ठरलें. ज्यांनीं ती बनवावयाची व पुढें ज्यांच्या नांवावर ती विकली जावयाची, त्या विभागांचे अधिकारी मनांतून तिला अनुकूल नव्हते. १९२१ च्या नोव्हेंबरांत ओकलंड विभागानें नमुन्याची गाडी तपासली व ती नापास केली. केटरिंग यांचें म्हणणें, विभागाला नवें कांहीं नकोच आहे, म्हणून तो खोड्या काढतो. विभागाचें म्हणणें, प्रयोगशाळेंत चालणारें एंजिन निराळें व कारखान्यांत पुन्हां पुन्हां तसेंच बनवितां येणारें एंजिन निराळें. सासर आणि माहेर यांच्या वादांत सुनेचें जें होतें, तें या गाडीचें झालें. केटरिंग खचले. तेव्हां कार्यकारी मंडळानें त्यांस धीर देणारें पत्र धाडलें आणि काम पुढें रेटलें. १९२२ सालीं अध्यक्ष ड्यूपाँट यांनीं शेव्हरोले विभागाची सूत्रें स्वतःच हातीं घेतलीं.

या मंडळांत आल्फ्रेड स्लोन नांवाचे एक शांत, हिशेबी गृहस्थ होते. आपण एंजिनाच्या गुणदोषांचा निवाडा करण्यास समर्थ नाहीं, हें ते जाणत होते. पण न तपासलेल्या एका गाडीवर सर्व विभागाचें भवितव्य टांगूं नये, एवढें त्यांस पक्कें कळत होतें. नवी गाडी येईपर्यंत जुनी पाण्याची गाडी बंद करूं नये, उलट तीहि सुधारीत राहावें, असा आग्रह त्यांनीं धरला. हा आग्रह त्या वेळीं कोणास शौर्याचा वाटला नसेल. कंपनी तगली ती त्याच्यामुळें.

१९२३ च्या जानेवारींत न्यूयॉर्कच्या मोटार-प्रदर्शनांत ही तांब्याची शेव्हरोले लोकांपुढें आली आणि प्रेक्षकांची झुंबड उडाली. साध्या शेव्हरोलेपेक्षां तिची किंमत अधिक होती. तरी पाण्याची कटकट कायमची सुटणार, या कल्पनेनेंच लोक हुरळले. प्रदर्शनांत गाडी उभी असते, आणि उभी गाडी तापत नाहीं. रस्त्यावर आल्यावर दिवस वर चढूं लागले तसे तिचे गुण प्रकट झाले. एंजिन तापलें कीं त्याचा जोर जाई. मिश्रण अवेळीं पेटे व आंतून ठोके पडत. पंख्याचा पट्टा बिघडे. आणि पाण्याच्या गाडींत पट्टा गेला तर निदान थोडा वेळ पाण्याचा आधार असतो, येथें पंखा थांबला म्हणजे सारेंच थांबलें. सिलिंडर झिजत, आवाज फार होई, कार्ब्युरेटरच्या तक्रारी निराळ्याच.

आंकडे पाहिले म्हणजे या प्रकरणाची लांबी-रुंदी ध्यानांत येते. एकंदर गाड्या तयार झाल्या ७५९. त्यांतील २३९ कारखान्यांतल्या माणसांनींच मोडींत काढल्या. उरलेल्या सुमारें ५०० विक्रीखात्याकडे गेल्या. त्यांपैकीं १५० च्या आसपास कंपनीच्याच प्रतिनिधींनीं वापरल्या, ३०० च्या आसपास विक्रेत्यांकडे पोंचल्या. प्रत्यक्ष गिऱ्हाइकांच्या दारीं गेलेल्या गाड्या अवघ्या १००. म्हणजे प्रदर्शनांत ज्या गाडीभोंवतीं गर्दी जमली, ती शेवटीं शंभर घरांत गेली, आणि त्या शंभर घरांनीं तिची परीक्षा केली. ही परीक्षा कंपनीनें स्वतः आधीं करावयाची होती. गिऱ्हाइकानें पैसे मोजले ते गाडीचे. कारखान्याचा परीक्षक होण्याचे नव्हेत.

जून १९२३ मध्यें कंपनीनें सर्व गाड्या परत मागविल्या. तत्पूर्वीं मे महिन्यांत स्लोन हे अध्यक्ष झाले होते. चुका सर्वच कारखाने करतात. केलेली चूक आपल्या खर्चानें परत घरीं आणणारे थोडे, आणि हें श्रेय त्या कंपनीस दिलें पाहिजे. केटरिंग यांस तो घाव वर्मीं लागला. ३० जून रोजीं त्यांनीं स्लोन यांस पत्र लिहून कंपनी सोडण्याची इच्छा कळविली. गाडींत मूलतः दोष नाहीं, ती नीट बनविली गेली नाहीं आणि विभागांना ती नकोच होती, ही त्यांची धारणा. स्लोन यांनीं वाद घातला नाहीं. केटरिंग यांच्याच देखरेखीखालीं डेटन येथें त्या एंजिनासाठीं स्वतंत्र व्यवस्था करून देण्याचें त्यांनीं ठरविलें. कोणावर लादावयाचें नाहीं, पटलें त्यानें घ्यावें. केटरिंग राहिले. एंजिन मात्र हळूहळू विस्मरणांत गेलें. १९६० नंतर प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत स्लोन यांनीं या प्रकरणास मोठें स्थान दिलें आहे, आणि एंजिन चांगलें कीं वाईट याचा अंतिम निकाल तेथेंहि त्यांनीं टाळला आहे. त्यांचा रोख व्यवस्थेवर आहे. तो बरोबरच आहे. तथापि केटरिंग यांचीहि बाजू सगळी धुतलेली म्हणतां येत नाहीं. विरोध करणारा प्रत्येक जण आळशी किंवा मत्सरी असतो, असें समजणाऱ्या विद्वानाला खरा दोष दाखविणारा मनुष्यहि शत्रूच वाटतो.

एक गोष्ट येथें सांगितल्यावांचून राहवत नाहीं. याच प्रयोगशाळेंत, याच दिवसांत, केटरिंग यांचे सहकारी मिजली यांनीं पेट्रोलमध्यें शिशाचें संयुग मिसळून एंजिनाचे ठोके बंद करण्याचा उपाय शोधला, आणि १९२३ च्या फेब्रुवारींत तें पेट्रोल डेटन येथें विक्रीस आलें. त्याचें जगभर स्वागत झालें. त्यांतील शिशानें लहान मुलांच्या मेंदूवर काय परिणाम केला, हें पुढें दशकांमागून दशकें गेल्यावर मान्य झालें. मोटारींसाठीं असें पेट्रोल विकणारा शेवटचा देश जो अल्जीरिया, त्यानें तें २०२१ सालीं बंद केलें. फसलेल्या मोटारीनें शंभर माणसांना त्रास दिला; यशस्वी ठरलेल्या पेट्रोलनें किती जणांना दिला, त्याची गणती नाहीं.

इकडे पाण्याची जुनी शेव्हरोले त्याच १९२३ सालीं चार लाखांहून अधिक खपली. फोर्डकडून आलेले विल्यम नड्सेन यांच्या हातांखालीं ती सुधारत गेली व १९२७ सालीं फोर्डच्या पुढें निघाली. १९२८ सालीं मुंबईस शिवडी येथें जनरल मोटर्सनें मोटारी जुळविण्याचा कारखाना काढला, त्यांतूनहि हीच पाण्याची शेव्हरोले बाहेर पडली. तांब्याची झालर लावलेली एखादी गाडी आपल्या चैत्र-वैशाखांत कोंकणांतील घाटाखालीं येती, तर काय झालें असतें याची कल्पनाच केलेली बरी.

हवेचा मोह शेव्हरोलेला पुन्हां एकदां झाला. १९६० सालची कॉर्व्हेअर ही गाडी हवेनेंच थंड होई; एंजिन मागें, आणि धातु तांब्याऐवजीं ॲल्युमिनियम. ती १९६९ पर्यंत चालली व सुमारें १८ लाख खपली. तिच्यावर १९६५ सालीं राल्फ नेडर यांनीं जी झोड उठविली, ती मागच्या चाकांच्या बांधणीवरून, एंजिनावरून नव्हे. तरी पंख्याचा पट्टा उडण्याची खोड तिलाहि होतीच.

परत आलेल्या १९२३ च्या गाड्यांचें काय झालें? बहुतेक मोडून टाकल्या. कांहीं ईरी सरोवरांत बुडविल्या, असेंहि सांगतात. त्या सर्व ढिगांतून दोन आज शिल्लक आहेत. एक नेव्हाडा संस्थानांत रीनो येथील मोटार-संग्रहालयांत आहे. दुसरी मिशिगनमधील डिअरबॉर्न येथें आहे, आणि तीहि कोणाच्या घरीं? ज्याला जिंकण्यासाठीं ती काढली, त्या हेन्री फोर्डच्या नांवाच्या संग्रहालयांत.