चासीची साक्ष : एक जुनी जीप मूळ की बदललेली?

निफाड तालुक्यातल्या एका वस्तीवर, कांदाचाळीला लागून असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये ती उभी होती. पुढून जीप, मागून पिकअप. बसायच्या जागेमागे लोखंडी पत्र्याचा हौदा, त्याला लाकडी फाळका आणि बोनेटवर ताजा पांढरा तारा. मालक सत्तरीच्या पुढचे. त्यांना सगळी वस्ती नाना म्हणते, म्हणून मीही नानाच म्हणतो.

“सर, बापानं देवळालीच्या लिलावातून आणलेली हाये. महायुद्धातली विलीज. कंपनीतून आली तशीच हाये,” नाना म्हणाले.

पुण्याच्या एका हौशी खरेदीदाराने तिला चांगली किंमत सांगितली होती, पण एका अटीवर: गाडी ‘ओरिजिनल’ असली पाहिजे. नानांना नातीच्या शिक्षणासाठी पैसे हवे होते. मी इंजिनिअर नाही. बँकेत नोकरी केली आणि उरलेल्या वेळात जुन्या वाहनांची माहितीपुस्तके, सुट्या भागांच्या याद्या आणि फोटो जमवत गेलो. तेवढ्या भांडवलावर नानांनी मला बोलावले होते. प्रश्न सोपा वाटत होता: गाडी मूळ आहे की बदललेली? उत्तर शोधताना कळले की प्रश्नच नीट मांडायला हवा.

एक गाडी, दोन कारखाने

अमेरिकी लष्कराच्या कागदोपत्री जीप हा ट्रकच होता: पाव टन वजनाचा माल नेणारा, चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणारा ट्रक. जुलै १९४० मध्ये लष्कराने १३५ कंपन्यांकडून प्रस्ताव मागवले. पेनसिल्वेनियातील बँटम या छोट्या कंपनीने कार्ल प्रॉब्स्ट यांच्याकडून आराखडा करून घेतला आणि पहिला नमुना त्याच वर्षी २३ सप्टेंबरला लष्कराच्या हवाली केला. पुढे टोलेडोच्या विलीज-ओव्हरलँड कंपनीने ६० अश्वशक्तीचे दमदार इंजिन असलेली गाडी पुढे केली आणि १९४१ मध्ये मोठे कंत्राट तिला मिळाले. एका कारखान्याने गरज भागेना, म्हणून त्याच वर्षाच्या अखेरीस विलीजच्याच आराखड्यावर फोर्डलाही काम देण्यात आले. युद्ध संपेपर्यंत विलीजने सुमारे ३ लाख ६० हजार, तर फोर्डने पावणेतीन लाखांहून अधिक जीप तयार केल्या. विलीजच्या गाडीचे नाव ‘एमबी’, फोर्डच्या गाडीचे ‘जीपीडब्ल्यू’. यातला ‘जी’ सरकारी कामाचा, ‘पी’ ८० इंची चाकांतराचा आणि ‘डब्ल्यू’ विलीजच्या आराखड्याचा.

दोन्ही गाड्यांचे भाग एकमेकींना बसले पाहिजेत, ही लष्कराची अट होती. म्हणून दुरून त्या जुळ्या बहिणी दिसतात. युद्धभूमीवरच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक हाताला येईल तो भाग लावत. १९४४च्या सुमारास तर दोन्ही कारखाने अमेरिकन सेंट्रल या एकाच कंपनीकडून आलेली बॉडी वापरू लागले. ‘कंपनीतून आली तशी’ या शब्दांचा अर्थ तेव्हापासूनच सैल होता.

पाटीआधी पोलाद

नानांनी मला आधी डॅशबोर्डवरची पाटी दाखवली. विलीज, एमबी, क्रमांक आणि तारीख. पाटी लखलखीत होती. मी स्क्रूंकडे पाहिले. तेही नवे, अधिक-चिन्हाच्या खाचेचे. अशा पाट्यांच्या नकला आज घरबसल्या मागवता येतात. पाटी जे कोरले ते सांगते, म्हणून तिला शेवटी विचारायचे. आधी खाली वाकून चासी पाहायची.

पहिली खूण पुढच्या बंपरमागे, रेडिएटरच्या खाली असते. चासीच्या दोन लांब दांड्यांना जोडणारा तिथला आडवा भाग विलीजने गोल नळीचा केला, तर फोर्डने पत्रा वाकवून पालथ्या पन्हळीसारखा. नानांच्या गाडीत पालथी पन्हळ होती.

दुसरी खूण क्रमांकाची. विलीज आपला चासी क्रमांक पुढच्या बाजूला, डाव्या दांडीच्या आतल्या अंगाला रिव्हेटने ठोकलेल्या छोट्या पट्टीवर देत असे. फोर्ड तो डाव्या दांडीच्या माथ्यावर थेट ठोकत असे. आरटीओत घेतात तशी चेसिस प्रिंट घ्यायचे ठरवले. रॉकेल आणि तारेच्या ब्रशने रंगाचे थर काढले, कागद ठेवून पेन्सिल फिरवली. ‘जीपीडब्ल्यू’ ही अक्षरे आणि पुढचे आकडे कागदावर हळूहळू उमटले. नाना शेजारी बसून पाहत होते.

तिसरी खूण बोल्टांची. फोर्डने लहानमोठ्या असंख्य भागांवर, अगदी बोल्टच्या माथ्यावरसुद्धा, आपले ‘एफ’ हे अक्षर उमटवले. पुढच्या जाळीच्या कंसांवर, मडगार्डच्या बोल्टांवर आणि डॅशबोर्डखालच्या पट्टीवर तो ‘एफ’ सापडला. जाळीला नऊ खाचा होत्या आणि दिवे जाळीच्या आत बसवलेले, बिजागरीवर मागे वळवून रात्री इंजिनावर उजेड पाडता येईल असे. युद्धानंतरच्या नागरी जीपला सात खाचा आणि मोठे, पुढे आलेले दिवे असतात. त्यामुळे इथे शंका उरली नाही.

थोडक्यात, विलीजची पाटी खोटी होती आणि तिच्यामागे युद्धकाळातली खरीखुरी फोर्डची चासी दडली होती. पाटी कुणी लावली, असे विचारल्यावर नातू लाजला. “शोभेला मागवली होती,” म्हणाला. त्याच्या मनात फसवणूक नव्हती. गावात सगळेच तिला विलीज म्हणत आलेले.

इथे संशोधकांचीही फसगत होते, म्हणून एक गोष्ट नोंदवतो. इंजिन आणि चासीचे क्रमांक जुळले की गाडी अस्सल, असा समज पसरलेला आहे. फोर्डच्या जीपमध्ये कारखान्यातून निघताना दोन्ही क्रमांक सारखे असत, हे खरे. विलीजच्या एमबीमध्ये मात्र ते मुळातच वेगळे असत. एखाद्या एमबीचे दोन्ही क्रमांक तंतोतंत जुळले, तर आनंद मानण्याऐवजी कुणी नव्याने ठोकले नाहीत ना, हे तपासावे.

बदलांच्या तारखा

मग मी फीत काढली. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचे अंतर ८० इंच असायला हवे. डावीकडे ९४ इंच भरले, उजवीकडे साडेचौऱ्याण्णव. कारखाना दोन बाजूंत अर्ध्या इंचाचा फरक ठेवत नाही. गावचा वेल्डर ठेवतो. चासीच्या दांड्या मधोमध कापून, तुकडा घालून, बाहेरून जाड पट्ट्यांचा आधार देऊन जोडल्या होत्या. कारखान्यातले आडवे भाग रिव्हेटने बसवलेले असतात. इथे जोडाजवळ वेल्डिंगचे ओबडधोबड मणी होते आणि एका ठिकाणी रिव्हेटऐवजी नट-बोल्ट. प्रोपेलर शाफ्टही नळी जोडून वाढवलेला.

मी मोजमाप मोठ्याने वाचले तसे नाना गप्प झाले. थोड्या वेळाने म्हणाले, “बहात्तरचा दुष्काळ. पाणी आणायला ड्रम बसंनात, म्हणून बापानं नाशिकला नेऊन लांबवली. मी सोबत होतो. विसरलोच होतो.”

बोनेट उघडल्यावर दुसरा थर दिसला. मूळ पेट्रोल इंजिन नव्हते, त्याच्या जागी प्यूजो जातीचे डिझेल इंजिन होते. महिंद्राच्या जीपमध्ये १९८०च्या दशकात ही इंजिने आली आणि पेट्रोल परवडेनासे झालेल्या जुन्या जीपमध्येही ती बसू लागली. आरसी बुकात डिझेलची नोंद शिक्क्यासह होती, म्हणजे हा बदल उघडपणे केलेला. स्टेअरिंग उजवीकडे होते. युद्धकाळातल्या या सर्व जीपचे स्टेअरिंग डावीकडे असे. इथे फायरवॉलच्या डाव्या बाजूला जुनी भोके पत्र्याचे ठिगळ लावून बुजवलेली आतून दिसत होती. हौदा तर शेताच्या गरजेतूनच आलेला. त्याच्या तळाशी कांद्याची वाळलेली साले अजून अडकलेली होती.

आता माझ्या वहीत चार थर झाले होते. पहिला कारखान्याचा, म्हणजे चासीचा पुढचा भाग, जाळी, मडगार्ड आणि बॉडीचा पुढचा अर्धा भाग. दुसरा मालकाने पोट भरण्यासाठी केलेल्या बदलांचा: हौदा, लांबी, डिझेल इंजिन. तिसरा इथल्या रस्त्यांचा, म्हणजे उजवीकडचे स्टेअरिंग. चौथा गेल्या वर्षाचा: पाटी आणि तारा. यांपैकी फक्त चौथा खोटे बोलत होता.

कायदा आणि किंमत

हा भेद केवळ हौशी लोकांपुरता नाही. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमानुसार, उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी दिलेल्या निकालात हे तत्त्व ठामपणे सांगितले. इंजिन बदलण्यासारख्या काही गोष्टींना परवानगीची वाट आहे. नानांच्या वडिलांनी जीप लांबवली तेव्हा १९३९ चा जुना कायदा लागू होता, म्हणून त्यांच्या बदलाला आजची फूटपट्टी लावणे बरोबर नाही.

पण विक्रीचा प्रश्न आजचा होता. २०२१ मध्ये केंद्राने ‘व्हिंटेज’ वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणीचे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल न झालेली खासगी दुचाकी किंवा चारचाकी त्यात येते; तिच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे असतात. नवी नोंदणी २० हजार रुपयांची. खरेदीदाराला तोच क्रमांक हवा होता. नानांची गाडी वयाने बसत होती. लांबवलेली चासी, बदललेले इंजिन आणि मालवाहू हौदा यांमुळे माझ्या वाचनाप्रमाणे ती बसत नव्हती.

मी हे नानांना सांगितले. सांगणे सोपे नव्हते. नातीच्या फीचा आकडा त्यांनी मला आधीच सांगितलेला होता. पाटी तशीच ठेवून मी गप्प बसलो असतो, तर कदाचित सौदा झालाही असता.

मूळपण परत आणताना

खरेदीदाराला मी तोच अहवाल एका पानावर लिहून दिला. त्याने फोनवर शांतपणे ऐकले आणि म्हणाला, “हरकत नाही. चासी कापून ८० इंचावर आणू, पंजाबकडून नवी बॉडी मागवू, हौदा भंगारात. गाडी ओरिजिनल होईल.” किंमत मात्र त्याने निम्म्यावर आणली.

त्याचे म्हणणे बेकायदा असेल-नसेल, पण मला ते इतिहासाच्या बाजूने पटले नाही. त्याच्या ‘ओरिजिनल’ गाडीत युद्धकाळातला पत्रा आजच्यापेक्षा कमी उरला असता, कारण पुढचा मूळ अर्धा भागही नव्या बॉडीसाठी निघाला असता. आणि बहात्तरच्या दुष्काळाचा एक लोखंडी पुरावा कटरखाली गेला असता. दुष्काळाच्या काळात सामान्य शेतकऱ्याने पाणी कसे वाहिले, हे सरकारी अहवालात फारसे सापडत नाही. इथे ते चौदा इंचांच्या वाढीव लांबीत मोजता येत होते.

जुन्या गाडीबद्दल विचारायचा प्रश्न म्हणूनच असा असावा: तिचा कोणता भाग केव्हाचा, कुणी बदलला आणि कशासाठी? याचे उत्तर मिळाले की ‘मूळ’ हा शब्द कुठे लावायचा आणि कुठे नाही, ते आपोआप ठरते. ज्यांच्या घरी अशी वाहने आहेत, त्यांना एवढेच सांगेन: रंग देण्यापूर्वी, पत्रा कापण्यापूर्वी चासी क्रमांकाची पेन्सिल-प्रिंट घ्या. आडवे भाग, जोड, रिव्हेट आणि भोके यांचे फोटो काढा. चाकांतील अंतर दोन्ही बाजूंनी मोजा. आरसी बुकातला प्रत्येक शिक्का टिपून ठेवा. आणि गाडीवर काम केलेला म्हातारा माणूस हयात असेल, तर त्याला गाडीशेजारी बसवून विचारा. नानांची आठवण खुर्चीत बसून परतली नव्हती, ती फितीवरचा आकडा ऐकून परतली.

नानांनी सौदा मोडला. नातीच्या फीसाठी त्यांनी पतसंस्थेतून कर्ज काढले, हे मला नंतर कळले. त्याचे ओझे माझ्याही मनावर आहे. म्हणून या लेखाला यशोगाथा म्हणायला मी धजत नाही. गेल्या चैत्रात पुन्हा गेलो, तेव्हा डॅशबोर्डवर पाटीच्या जागी चार रिकामी भोके होती. नाना म्हणाले, “खोटी होती ती काढली. आता हिला काय म्हनायचं, ते तुम्हीच सांगा.”

मी वही उघडून वाचून दाखवले: चासी फोर्डची, लांबी नाशिकची, इंजिन डिझेल, हौदा घरचा.

“बरं,” नाना म्हणाले, “तेच लिहा.” आणि हौद्यात कांद्याच्या गोण्या चढवायला त्यांनी नातवाला हाक मारली.