बिनबियांच्या तुऱ्याची कुळकथा

जर्मनीत १ एप्रिल २०२४ पासून सज्ञान माणसाला घरी गांजाची तीन झाडं लावता येतात. कॅनडात ऑक्टोबर २०१८ पासून बहुतेक प्रांतांत घरटी चार झाडं चालतात. तिथल्या नवशिक्याला माती, खत आणि दिवे यांच्याबरोबर एक गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली जाते: कुंडीत नर झाड राहता कामा नये. हे झाड पपईसारखं असतं, नर वेगळा आणि मादी वेगळी. फुलोरा येईपर्यंत दोघांत फरक कळत नाही. रात्री लांबू लागल्या की पान जिथे खोडाला चिकटतं त्या बगलेत खूण उमटते. नराला देठावर लोंबणाऱ्या बारीक गोल कळ्या येतात. मादीला थेंबाच्या आकाराचं हिरवं आवरण येतं आणि त्याच्या टोकातून दोन पांढरे केस बाहेर पडतात. हे केस म्हणजे तिच्या कुक्षी, परागकण झेलण्यासाठी उघड्यावर आलेल्या. पराग मिळाला की ते सुकतात आणि झाड आपलं सारं बळ बियांत घालतं. पराग मिळालाच नाही, तर झाड थांबत नाही. नवे केस, नवी आवरणं येत राहतात, तुरा दाट होत जातो आणि त्या आवरणांवर राळेच्या सूक्ष्म ग्रंथींचा दाट थर साचतो. गांजाचा सगळा गुण या राळेत आहे. त्यामुळे नर वेळीच काढणं हे या लागवडीतलं मुख्य कसब ठरतं. बाकीचं बरंचसं बागकाम टोमॅटोच्या कुंडीहून फार वेगळं नाही.

या कसबाला आज जगभर ‘सिन्सेमिया’ म्हणतात. शब्द स्पॅनिश आहे, अर्थ ‘बियांविना’. मेक्सिकोतून तो कॅलिफोर्नियात आला आणि १९७०च्या दशकात तिथल्या लागवडीने त्याला प्रतिष्ठा मिळवून दिली. तेव्हापासून हे तंत्र अमेरिकन बंडखोर तरुणांनी शोधलं, असा समज पक्का झाला आहे. माझं म्हणणं असं आहे की हा समज चुकीचा आहे. धंद्याचं, ठरलेल्या रीतीचं आणि जाणकार कारागीर असलेलं शास्त्र म्हणून हे तंत्र कॅलिफोर्नियाच्या शंभर वर्षं आधी बंगालच्या शेतात उभं होतं आणि सरकारी कागदावर तपशिलाने नोंदलेलं होतं. त्याची आठवण हरवली, कारण ज्यांच्या हातात ते होतं त्यांनी लिहून ठेवलं नाही आणि ज्यांनी लिहिलं त्यांना फक्त कर हवा होता.

सुरुवात शब्दांपासून करू, कारण पहिला पुरावा तिथेच आहे. भांग, गांजा आणि चरस हे तिन्ही शब्द मराठी माणूस वेगवेगळे वापरतो आणि ते वेगळे आहेतच. भांग म्हणजे पाला. गांजा म्हणजे मादीचा राळेने चिकट झालेला तुरा. चरस म्हणजे ती राळ सोडवून घेतलेली. एकाच झाडासाठी तीन जिनसा आणि तीन नावं, असा भेद युरोपीय भाषांत मुळात नव्हता. पण ग्रंथांत शोधायला गेलं, तर तो भेद आपल्याकडेही पुसट आहे. अथर्ववेदात पाच वनस्पतींमध्ये भंगेचं नाव येतं. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाशाच्या निघंटूत भंगा आणि गंजा ही एकमेकांची पर्यायी नावं म्हणून शेजारी बसली आहेत. गोव्यात १५६३ साली छापलेल्या आपल्या संवादग्रंथात गार्सिया द ओर्टा या पोर्तुगीज वैद्याने ‘बांग’ वर्णन केली आहे, ती कुटलेल्या पानांची, कधी त्यात बी घातलेली. पाल्यासाठी नर काढायची गरजच नसते, म्हणून ओर्टाच्या वर्णनात त्याचा मागमूस नाही. याचा अर्थ असा की पंडित आणि वैद्य ज्या जिनसेकडे पाहत होते ती भांग होती. गांजाचं कसब बाजारात आणि शेतात राहिलं. निघंटूकाराला दोन शब्द एकच वाटले, तरी विकत घेणाऱ्याला ते कधीच एक वाटले नाहीत.

हे शेत कुठलं, तर आजच्या बांगलादेशातल्या नौगावचं. राजशाही, दिनाजपूर आणि बोगरा हे तीन जिल्हे जिथे एकमेकांना भिडत तिथे ‘गांजा महाल’ नावाचा आटोपशीर मुलूख होता. संपूर्ण बंगालचा परवान्याचा गांजा तिथून येई. हेमचंद्र केर यांनी १८७७ साली या लागवडीवर आणि व्यापारावर सरकारला सविस्तर अहवाल दिला. १८९३ साली डेव्हिड प्रेन या वनस्पतिशास्त्रज्ञाने दुसरा अहवाल लिहिला. दोन्ही वाचले की शेतकऱ्याचं वर्ष डोळ्यांसमोर उभं राहतं. उंचवट्याची, पाणी न साचणारी जमीन. पावसाळ्यात वाफ्यात रोपं, पावसाचा जोर ओसरला की सरींवर लावणी. झाड कंबरेपर्यंत आलं की खालच्या फांद्या छाटायच्या, म्हणजे वाढ वर चढते आणि तुरे भरदार होतात. मग थंडीच्या तोंडाला, फुलोऱ्याची पहिली चाहूल लागताच, शेतात एक माणूस बोलवायचा. त्याला पोद्दार किंवा परखदार म्हणत. इंग्रज अधिकाऱ्यांनी त्याला ‘गांजा डॉक्टर’ असं नाव दिलं. पोद्दार मुळात नाणी पारखणारा. परखदार या शब्दात तर पारख सरळच आहे. तो मजुरी घेऊन ओळीओळीने फिरे आणि नर ओळखून देई, आणि नराचं एकही झाड शिल्लक राहू नये म्हणून शेत पुन्हा पुन्हा पाहिलं जाई.

या नेमणुकीतच माझ्या म्हणण्याचा सर्वांत भक्कम आधार आहे. कुठलाही समाज एखाद्या कामासाठी स्वतंत्र कारागीर पोसतो तेव्हा त्या कामाची अवघड जागा त्याला पुरती उमगलेली असते. इथे अवघड जागा वेळेची होती. पराग वाऱ्यावर जातात. एका नराच्या कळ्या उमलल्या तर आपलंच नव्हे, शेजाऱ्याचंही शेत बियांनी भरतं. म्हणून कळी उमलण्याआधी, बगलेतली खूण जेमतेम दिसते तेव्हाच ओळखायचं. शेतकऱ्याला ते जमेलच असं नव्हतं आणि चुकीची किंमत सगळ्या शिवाराला भरावी लागे. तुऱ्याचे पुढे दोन प्रकार होत. पायाने तुडवून केलेला चपटा, आणि वळून केलेला गोल. गळालेला भाग चूर म्हणून वेगळा विकला जाई आणि प्रत्येकावर कराचा दर निराळा असे. एवढी सूक्ष्म वर्गवारी एका पिढीत तयार होत नाही.

बंगालचंच नाव पुढे येतं म्हणून ते कसब तिथलंच होतं असं मानू नये. मध्य प्रांतात परवानगीची लागवड खानदेशाला लागून असलेल्या निमाडातल्या खांडव्यापुरती होती, आणि मुंबई इलाख्यात अहमदनगर जिल्ह्यात गांजा पिकत असे. त्यामुळे जुन्या मराठी घरांतल्या बैराग्यांच्या चिलमीचा माल हिमालयातून उतरलेला असण्याचं कारण नव्हतं. पण महाराष्ट्राला या कुळकथेत मोठी जागा द्यायचा मोह मी टाळतो. पोद्दाराइतकी स्पष्ट नोंद मला बंगालचीच दिसते, आणि पुराव्यापुढे प्रांताभिमान नेऊ नये.

आता आक्षेप. पहिला आक्षेप वनस्पतिशास्त्राचा अभ्यासक घेईल: कुंडीतला नर काढण्याचा मान कार्ल लिनिअसचा नाही का? प्रश्न रास्त आहे, आणि गोष्ट मोठी सुंदर आहे. वनस्पतींना नर-मादी भेद असतो का, या विषयावर सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीने बक्षीस लावलं होतं. ते १७६० साली मिळालेल्या निबंधात लिनिअसने हा प्रयोग सांगितला आहे. एप्रिलमध्ये त्याने दोन कुंड्यांत बी पेरलं. प्रत्येकीत तीस-चाळीस रोपं उगवली. कुंड्या एकमेकींपासून दूरच्या खोल्यांत, खिडकीच्या उजेडात ठेवल्या. एकीत नर-मादी एकत्र वाढू दिले, दुसरीतले नर ओळखू येताच उपटले. पहिलीत केस लवकर सुकले आणि बी धरलं. दुसरीत ते लांबत राहिले, कितीतरी दिवस ताजे राहिले. घरातल्या कुंडीत, खिडकीशी, नर काढून वाढवलेलं हे झाड म्हणजे आजच्या बर्लिनच्या बाल्कनीचं हुबेहूब पूर्वरूप आहे, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. पण लिनिअसचा प्रश्न बियांचा होता. फुलांना पराग लागतो हे सिद्ध झालं आणि त्याचं काम संपलं. केस का लांबतात हे त्याने टिपलं, राळेचं पुढे काय होतं याच्याकडे वळण्याचं त्याला कारण नव्हतं. उत्तर युरोपातल्या त्या वाणांत राळ नावापुरतीच असते. प्रयोग आणि पीक यांत हाच फरक आहे.

शिवाय युरोपातला शेतकरी हे झाड शतकानुशतकं धाग्यासाठी लावत होता, आणि तिथे झाडांचे दोन प्रकार ओळखले जात होते. पण ओळख उलटी होती. बारीक, लवकर पिकून वाळणाऱ्या झाडाला इंग्रजीत ‘फिंबल’ म्हणत. त्या शब्दाचं मूळ मादी या अर्थाच्या शब्दात आहे, आणि ते झाड प्रत्यक्षात नर असतं. धडधाकट, बी धरणारी मादी मात्र पुरुषी नावाने ओळखली जाई. नाजूक ते बायकी, दणकट ते पुरुषी, असा तो हिशोब. धागा काढायला हा घोळ चालून जातो, कारण दोन्हींचा धागा कामाला येतो. गांजा पिकवायला तो एक दिवसही चालणार नाही. ज्याचं पोट नराला नर म्हणून ओळखण्यावर होतं, त्याला ही चूक परवडली नसती. लिनिअसच्या आधी, १६९४ साली, ट्यूबिंगनच्या कामेरारिउसने याच झाडाचे नर दूर ठेवून पाहिले, तर त्याला तरीही थोडं बी आढळलं आणि तो चक्रावला. या झाडाच्या मादीला कधीकधी स्वतःच नर फुलं येतात, हे उत्तर पुढे मिळालं. पोद्दाराला शेत एकदा पाहून का भागत नसे, याचं एक कारण यात असावं.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: मेक्सिकोच्या शेतकऱ्याने हे स्वतंत्रपणे शोधलं नसेल कशावरून? असेलही. बंगालपासून मेक्सिकोपर्यंत तंत्राचा प्रवास दाखवणारी सलग साखळी मी मांडू शकत नाही आणि तसा दावाही करत नाही. शब्दाचा प्रवास मात्र दाखवता येतो. १८४५ साली ‘ब्लंडेल हंटर’ हे जहाज भारतातले गिरमिटिये घेऊन जमैकाच्या ओल्ड हार्बर बेला लागलं. त्यांच्या मागोमाग गांजा आणि चिलीम हे शब्द त्या बेटावर रुजले आणि तिथून जगाच्या गाण्यांत गेले. शब्द गेला, म्हणून कसब गेलं असं म्हणणं घाईचं होईल. माझा मुद्दा पहिलेपणाचा नाही, नोंदीचा आहे. ज्या तंत्राची सरकारी छापील वर्णनं उपलब्ध होती, त्याला शंभर वर्षांनी नवा शोध म्हणणं चूक आहे.

तिसरा आक्षेप असा, की ही सगळी व्यवस्था इंग्रजी अबकारीने उभारली, म्हणजे कसबही तिचंच. इथे १८९३-९४च्या भारतीय भांग-गांजा आयोगाकडे पाहावं लागतं. ब्रिटिश संसदेत विल्यम केन यांनी मागणी केली म्हणून सात सदस्यांचा हा आयोग नेमला गेला. त्याने देशभर १,१९३ साक्षीदार तपासले, आणि माफक सेवनाने सहसा अपाय होत नाही, सरसकट बंदी नको, असा निष्कर्ष दिला. आयोगाच्या पानांत अबकारी अधिकारी मोजणी करतात, गोदामं बांधतात, परवाने देतात. नर ओळखायला मात्र कुणी साहेब पुढे येत नाही. ते ज्ञान ते पोद्दाराकडून ऐकून लिहितात. सरकारने मुलूख आखला, पण झाड वाचायला शिकवलं नाही.

उलट ते ज्ञान सरकारी भाषेत शिरलं. ब्रिटिश औषधकोशाने औषधी गांजाची व्याख्या भारतात पिकलेल्या मादी झाडाचे वाळवलेले तुरे अशी केली. १९२५च्या जिनिव्हा करारातही मादी झाडाचेच तुरे म्हटलं आहे. १९६१च्या आंतरराष्ट्रीय कराराने मादी हा शब्द गाळला, पण तुरा ठेवला आणि त्यातून सुटं बी व सुटा पाला वगळला. आपल्या १९८५च्या एनडीपीएस कायद्यातली गांजाची व्याख्या त्याच साच्यातली आहे, आणि म्हणूनच होळीला काही राज्यांत सरकारी परवान्याच्या दुकानात भांग मिळते. झाड लावणं मात्र, मग ते घरच्या कुंडीत एक का असेना, या कायद्याने गुन्हा आहे. शिक्षा दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरीची आणि एक लाख रुपयांपर्यंत दंडाची. नौगावच्या उत्पादकांनी १९१७ साली उभारलेली सहकारी संस्था बरीच वर्षं चालली. बांगलादेशात १९८७ साली लागवड बंद झाली आणि पोद्दाराचं काम संपलं.

ते काम प्रयोगशाळेत पुढे चालू राहिलं, तेही भारतात. दिल्ली विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ एच. वाय. मोहन राम या झाडाच्या लिंगभेदावर अनेक वर्षं काम करत होते. १९८२ साली त्यांनी आणि आर. सेट यांनी दाखवलं, की मादी झाडाला सिल्व्हर नायट्रेट किंवा सिल्व्हर थायोसल्फेट दिलं तर तिला सुपीक नर फुलं येतात. अशा फुलातले पराग मादीचेच असल्याने त्यांत नराचं वाय गुणसूत्र नसतं आणि त्यांपासून धरलेलं बी जवळपास सगळं मादी निघतं. या तत्त्वावर युरोपातल्या बियाणे कंपन्यांनी ‘मादी बियाणं’ बाजारात आणलं. आज टोरंटोचा नवशिक्या पाकीट फोडतो ते बहुधा याच बियाण्याचं.

पाकीट मादीचं असलं तरी उष्णता वाढली, रात्री दिवा चुकून लागला किंवा मुळं कोंडली, की तीच मादी कधीकधी एखादं नर फूल काढते. एवढ्याने सगळा तुरा बियांनी भरू शकतो. त्यामुळे फुलोऱ्याच्या आठवड्यांत तो माणूस रोज एक-एक फांदी उचलून पानाच्या बगलेत पाहतो, दोन पांढऱ्या केसांशेजारी कुठे गोल कळी लोंबते आहे का.