न दुखणारी जखम

आज लढाया नाहीत, किल्ले नाहीत. आजचा इतिहास पायाच्या तळव्याचा आहे.

आम्ही न्हावा शेव्याचे. माझ्या आजीला शुगर. तिच्या टाचेत खडा रुतला आणि तीन दिवस तिला कळलंच नाही. ड्रेसिंगला येणाऱ्या सिस्टरांनी जखम बघायच्या आधी तिची चप्पल हातात घेतली आणि विचारलं, "आजी, तळवे रोज बघता का?" हा प्रश्न आला कुठून? शोधत शोधत मी पोचलो कुष्ठरोगापर्यंत.

आमच्या पनवेलजवळच्या नेऱ्याला कुष्ठरुग्णांसाठी उभं राहिलेलं शांतिवन आहे. पूर्वी या रुग्णांना गावाबाहेर काढायचे. त्यांचं मांसच नासकं, म्हणून बोटं झडतात, असा समज होता. १९३९ मध्ये संस्कृत पंडित परचुरे शास्त्री सेवाग्रामला आले. गांधीजींनी त्यांना आश्रमात ठेवून घेतलं, स्वतः त्यांची शुश्रूषा केली, मालिश केलं. १९४९ मध्ये बाबा आमट्यांनी वरोऱ्याजवळ आनंदवन सुरू केलं.

माणसं जवळ आली. पण धुतलेली जखम पुन्हा का चिघळते?

याचं उत्तर तमिळनाडूतल्या वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी शोधलं. ते तिथं १९४६ मध्ये आले होते. त्यांच्या लक्षात आलं, मांस चांगलंच आहे. रोगाने नसा मेल्यात, म्हणून दुखत नाही. दुखत नाही, म्हणून माणूस त्याच जखमेवर चालत राहतो. पायाला प्लास्टर घालून दाब काढला, की तीच जखम भरून यायची. पुढे मऊ मायक्रोसेल्युलर रबराच्या चपला आल्या.

शुगरच्या बधिर पायालाही हाच नियम. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचंही तेच: माकडहाडावर, टाचेवर सतत दाब राहिला की तिथे रक्त पोचत नाही आणि बेडसोर होतो. म्हणून सिस्टर साधारण दर दोन तासांनी कूस बदलायला सांगतात. बोटाने दाबूनही लाली जात नसेल, तर ती पहिली धोक्याची खूण. जखम झालीच, तर लांबी, रुंदी, खोली मोजायची. रंग, वास, पू लिहून ठेवायचा. नुसती पट्टी बदलून भागत नाही. दाब कुठून येतोय, ते शोधावं लागतं.

आजीची टाच भरली, दोन महिन्यांनी. आता रोज रात्री मी मोबाइलचा टॉर्च लावून तिचे तळवे बघतो. ती म्हणते, "पाया पडतोस का तपासतोस रे?"

दोन्ही, आजी.

तुमच्या घरी कुणाला शुगर असेल, तर आज रात्री तेवढं बघाच. भेटू पुढच्या भागात!