रंगीत पॉलिशने गाडीवरचा ओरखडा खरंच जातो की नुसता लपतो?

रत्नागिरी-नागपूर महामार्ग कवठे महांकाळवरून जातो. पण इथल्या गाड्यांना ओरखडे पडतात ते बहुतेक वेळा महामार्ग सोडून मळ्याच्या रस्त्याला लागल्यावर. दोन्ही बाजूंनी वेड्या बाभळी आत झुकलेल्या असतात, समोरून ट्रॅक्टर येतो, गाडी कडेला दाबावीच लागते आणि दारावरून काटा कर्रकन फिरतो. नवी गाडी असेल तर तो आवाज थेट काळजात जातो.

मग संध्याकाळी मोबाईलवर एक रील समोर येतं. काळ्या गाडीवर काळं पॉलिश, फडक्याचे चार हात आणि ओरखडा गायब! बाटलीची किंमत डेंटिंग-पेंटिंगच्या खर्चापुढे काहीच नाही. मग घ्यायची का?

रीलमधला ओरखडा खरंच दिसेनासा झालेला असतो, त्यात बनवाबनवी असेलच असं नाही. पण तो बुजलेला नसतो. हा फरक कळायला आधी गाडीचा रंग म्हणजे काय ते बघावं लागेल.

एका रंगाखाली चार थर

आजकालच्या बहुतेक गाड्यांच्या पत्र्यावर सर्वांत खाली गंजरोधक थर असतो, त्यावर प्रायमर, मग प्रत्यक्ष रंग आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट. हे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात. त्यात क्लिअर कोट असतो जेमतेम ४०-५० मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही पातळ. गाडीची सगळी चमक याच थराची.

काटा घासतो तेव्हा बऱ्याचदा फक्त हा वरचा थर चरतो. खालचा रंग शाबूत असतो, तरी रेघ पांढरी दिसते. कारण त्या बारीक चरीच्या कडांवर प्रकाश आपटून इकडेतिकडे विखुरतो. काळ्या, निळ्या, मरून गाडीवर ती रेघ लांबूनही खटकते, पांढऱ्या गाडीवर जवळ जाऊनही शोधावी लागते. त्यामुळे पांढऱ्या गाडीच्या मालकाला रंगीत पॉलिशचा उपयोग मुळातच कमी.

आता त्या रेघेवर पाण्याचं बोट फिरवून बघा. रेघ पुसट होईल, पाणी वाळलं की परत येईल. घासून धुरकट झालेली काच ओली केल्यावर स्वच्छ दिसते, तसाच हा प्रकार. क्लिअर कोटचा अपवर्तनांक असतो सुमारे १.५ आणि हवेचा १. चरीत हवा असेल तर प्रकाश विखुरतो. तिथे पाणी, तेल किंवा मेण बसलं की दोन्हींतला फरक कमी होतो आणि रेघ डोळ्याला दिसत नाही. डिझेलचं फडकं मारल्यावर जुनी गाडीही चकाकते, ती याच कारणाने.

रंगीत पॉलिश हेच करतं. त्यात मेण आणि तेलं असतात, वर गाडीच्या रंगाशी जुळणारा रंग मिसळलेला असतो. काही पॉलिशमध्ये बारीक घासणारे कणही असतात. मेण चरीत भरतं आणि रंग उरलासुरला पांढरेपणा झाकतो. चार-सहा वेळा शाम्पूने धुतली, उन्हात तापली, पावसात भिजली की भरलेलं निघून जातं आणि रेघ जिथल्या तिथे असते.

मेटॅलिक रंगात आणखी एक अडचण आहे. त्यातली चमक धातूच्या बारीक चकत्यांची असते. पॉलिशमधला साधा राखाडी रंग सावलीत जुळल्यासारखा वाटतो आणि उन्हात वेगळा पडतो.

नखाची परीक्षा

बाटली आणण्याआधी ओरखड्यावर आडवं नख फिरवा. नख अडकलं नाही तर ओरखडा वरवरचा आहे, पॉलिश चालेल. नख अडकलं तर तो खोल गेलाय. आत प्रायमरचा करडा थर किंवा पत्र्याची चकाकी दिसत असेल तर पॉलिश विसरा.

खरा धोका इथेच आहे. पत्रा उघडा पडला की पावसाळ्यात तिथे गंज धरू शकतो, आणि गंज रंगाच्या खालून पसरतो. महामार्गावर पुढच्या ट्रकच्या चाकाखालची खडी उडून बॉनेटवर जे टवके उडतात, त्यांचंही तेच. वरून रंगीत मेण चोपडलं तर जखम दिसायची बंद होते आणि गंजाचं काम आत निवांत चालू राहतं. फुगवटा दिसेपर्यंत उशीर झालेला असतो, मग पत्रा घासून, लांबी भरून पूर्ण पॅनेल रंगवावं लागतं.

त्यापेक्षा टवका स्वच्छ करून टचअपचा थेंब लावलेला बरा. त्यासाठी गाडीचा कलर कोड लागतो. तो इंजिनच्या कप्प्यातल्या पट्टीवर किंवा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर बघावा. टचअप जवळून दिसतं, पण पत्रा झाकला जातो. बंपर बहुतेक गाड्यांना प्लास्टिकचा असतो, तो गंजत नाही. तिथला ओरखडा कितीही वाईट दिसला तरी त्याची घाई नाही.

जुनी गाडी घेताना

विकायला काढलेली गाडी पॉलिश मारून उभी करणं यात गैर काही नाही. पण घेणाऱ्याने ती सावलीत, तिन्हीसांजेला बघू नये. दुपारच्या उन्हात बघावी किंवा मोबाईलचा टॉर्च तिरका धरावा. मालकाची हरकत नसेल तर एका कोपऱ्यात पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलचं मऊ फडकं फिरवावं. भरलेलं मेण आणि तेल निघालं की खाली काय आहे ते कळतं. काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्यांवर किंवा रबरावर रंगाचे डाग दिसले तर रंगीत पॉलिश मारलंय हे न पुसताही समजतं.

लावायचंच असेल तर

वरवरच्या ओरखड्यांसाठी, लग्नकार्याच्या आधी गाडी नीट दिसावी म्हणून, हे पॉलिश वाईट नाही. फक्त आधी गाडी भरपूर पाण्याने धुवा. उन्हाळ्यातल्या धुळीत वाळूचे कण असतात आणि ते क्लिअर कोटपेक्षा कडक असतात. रोज सकाळी कोरड्या फडक्याने गाडी पुसणारे लोक नकळत तिच्यावर बारीक ओरखड्यांची जाळी विणत असतात! बोअरचं पाणी जड असेल तर ते अंगावर वाळू देऊ नका, क्षारांचे पांढरे ठिपके राहतात. पॉलिश सावलीत, बॉनेट गार असताना लावा आणि शेजारच्या प्लास्टिकला आधी चिकटपट्टी लावून घ्या.

टूथपेस्टच्या रीलमध्येही थोडं तथ्य आहे, कारण पेस्ट हलकी घासते. पण घासणारं काहीही म्हणजे क्लिअर कोट थोडा खरवडणं, आणि तो परत वाढत नाही. रबिंग मारतानाही हेच होतं.

राहिला विम्याचा प्रश्न. एका ओरखड्यासाठी क्लेम टाकण्याआधी हिशेब करा. १५०० सीसीपर्यंतच्या खासगी गाडीत पहिले १००० रुपये स्वतःच भरावे लागतात. शिवाय नो क्लेम बोनसही जातो. क्लेमविना एक वर्ष गेलं तर ओन डॅमेजच्या हप्त्यावर २० टक्के सूट मिळते, सलग पाच वर्षं गेली तर ५० टक्के. पाच वर्षं सांभाळलेली सूट बाभळीच्या एका काट्यापायी घालवण्यापेक्षा एक पॅनेल खिशातून रंगवून घेणं बऱ्याचदा स्वस्त पडतं.