हिरकणीचे दूध, पुण्याची चाचणी
तान्ह्याला पाजण्यासाठी रात्री रायगडाचा कडा उतरलेली गवळण हिरकणीवाडीच्या नावात टिकून आहे. इतिहास नव्हे, आख्यायिकाच. आईच्या दुधातूनही एचआयव्ही बाळापर्यंत पोहोचतो, हे १९८५ मध्ये दिसले. गर्भावस्थेतील व प्रसूतीवेळचा संसर्ग औषधाने घटतो, हे १९९४ मध्ये सिद्ध झाले. दुधाचा पेच उरला. वरचे दूध द्यावे, तर अस्वच्छ पाण्यामुळे अतिसाराचे भय. पुण्याचे बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय, इथिओपिया आणि युगांडा येथील चाचणीत अंगावर पिणाऱ्या बाळांना एका मात्रेऐवजी सहा आठवडे नेव्हिरॅपिन दिले गेले. २००८ चे निष्कर्ष: सहाव्या आठवड्यापर्यंत संसर्ग ५.३ ऐवजी २.५ टक्के. सहाव्या महिन्यापर्यंत मात्र हा लाभ बराच ओसरला. औषध थांबले होते, दूध चालू होते. स्तनपान संपेपर्यंत औषध देण्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये केली.