बखरकाराची लेखणी आणि संकलकाची कात्री

ज्यानें उभा जन्म मुलांना पानिपतचीं कारणें आणि परिणाम शिकविण्यांत घालविला, त्यानें दूरचित्रवाणीवरील ‘वास्तव’ म्हणविणाऱ्या कार्यक्रमांविषयीं बोलावें, याचें आपणांस नवल वाटेल. परंतु हा विषय मला इतिहासाचाच वाटतो. घडलेल्या शंभर गोष्टींतून पांच निवडावयाच्या, त्यांची ओळ लावावयाची, आणि वाचकाकडून एकास नायक व दुसऱ्यास खलनायक म्हणवून घ्यावयाचें, हा उद्योग आमच्या बखरकारांनीं केला. आज तोच चित्रांचा संकलक करतो. दोघांत एक मोठा फरक आहे, तो पुढें येईल.

चित्रें निवडून आणि जोडून काळ हवा तसा वळवितां येतो, हें महाराष्ट्रानें फार लवकर पाहिलें. १९१२ सालीं दादासाहेब फाळके लंडनहून यंत्रसामग्री घेऊन परतले, तेव्हां भांडवल देणारांचा विश्वास बसावा म्हणून त्यांनीं वाटाणा पेरला आणि त्याच्या वाढीचें चित्रण दिवसामागून दिवस थोडथोडें घेतलें. पडद्यावर पाहतां पाहतां अंकुराचा वेल झाला. त्यांत खोटें कांहींच नव्हतें. प्रत्येक चित्र खऱ्याच वाटाण्याचें होतें. तरी तशी वाढ कोणाही माळ्यानें डोळ्यांनीं पाहिलेली नव्हती. पुढें रशियांत कुलेशॉव्ह नांवाच्या दिग्दर्शकानें हाच प्रयोग मनुष्याच्या मुखावर केला. एका नटाचा निर्विकार चेहरा त्यानें एकदां जेवणाच्या ताटलीपुढें जोडला, एकदां शवपेटीपुढें. पाहणारांस प्रथम भूक दिसली आणि मग शोक, असें सांगतात. चेहरा मात्र तोच होता.

वाटाण्याची किंवा नटाची अब्रू जात नाहीं. खऱ्या कुटुंबाची जाते. अमेरिकेंत १९७१ सालीं लाउड नांवाच्या एका कुटुंबाचें सुमारें सात महिने चित्रण झालें. तें सुमारें ३०० तासांचें होतें; त्यांतून १२ भागांची मालिका सिद्ध झाली व ती १९७३ सालीं दाखविली गेली. म्हणजे पंचवीस तासांमागें एक तास लोकांनीं पाहिला. त्या घरांतील नवराबायकोची फारकत साऱ्या देशाच्या गप्पांचा विषय झाली, आणि आमचे सुखाचे दिवस तेवढे गाळले, अशी तक्रार त्या मंडळींनीं केली.

याच जातीचा ‘बिग ब्रदर’ हा खेळ हॉलंडांत १९९९ सालीं निघाला, २००६ सालीं तो ‘बिग बॉस’ या नांवानें हिंदींत आला, आणि २०१८ च्या एप्रिलांत मराठींत. मराठीच्या पहिल्या पर्वाचें घर लोणावळ्यास, म्हणजे आमच्या मुळशी तालुक्याच्या शेजारींच, उभारलें होतें. अनेक माणसें एका घरांत कोंडावयाचीं, त्यांना घड्याळ नाहीं, वर्तमानपत्र नाहीं, आणि भिंतीभिंतींवर कॅमेरे. २०२४ चें पर्व ७० दिवस चाललें. एकच कॅमेरा धरला तरी त्याचे १६८० तास होतात. भाग रोज सुमारें तासाभराचा, आणि त्यांतही जाहिराती.

हा तास कसा बनतो? समजा, सकाळीं स्वयंपाकघरांत एका बाईनें आपलें गाऱ्हाणें सांगितलें. दुपारीं दुसऱ्या एका गृहस्थानें जांभई दिली. हीं दोन चित्रें शेजारीं ठेवलीं कीं जांभईचा तिरस्कार झाला. बोलणाराचें तोंड दिसत नसेल तर सोमवारच्या वाक्याचा आरंभ आणि गुरुवारच्या वाक्याचा शेवट यांचें लग्नही लावतां येतें. व्याकरणाच्या मास्तरास तो सांधा सांपडावयाचा नाहीं. वर वाद्यांचा गंभीर सूर घातला कीं साधा मौनी मनुष्य कारस्थानी दिसूं लागतो. एकदां एखाद्यास ‘भांडखोर’ ठरविलें कीं पुढील दिवसांतून त्याचीं भांडणें तेवढीं टिपलीं जातात, आणि त्यानें कोणाच्या उशाशीं बसून घालविलेली रात्र कात्रींत जाते. एकही शब्द कोणाच्या तोंडीं बाहेरून घातलेला नसतो, आणि तरीही गोष्ट नवीनच तयार होते. निवड केल्यावांचून चोवीस तास कोणी पाहणार नाहीं, हा निर्मात्यांचा बचाव मला मान्य आहे. माझें भांडण निवडीशीं नाहींच.

निवड इतिहासही करतो. आमच्याच खोऱ्यांत १९२१ सालीं टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला, तो तीन वर्षें चालला. त्यांत जमिनी गेल्या त्या मावळ्यांच्या. पण पाठ्यपुस्तकाच्या चार ओळींत नांव राहतें तें सेनापति बापटांचें. बापट थोर खरेच, तथापि ही सुद्धां कात्रीच आहे. मात्र त्या लढ्याचे कागद आणि त्या काळचीं वर्तमानपत्रें ज्यास हवीं त्यास उघडून पाहतां येतात. आणि फरक आहे तो येथेंच. बखरींनीं पानिपतच्या पुरुषांचीं जीं चित्रें रंगविलीं, तीं शंभराहून अधिक वर्षें आम्हीं खरीं मानिलीं. मग राजवाड्यांना वाईस मूळ पत्रें सांपडलीं, १८९८ सालीं त्यांचा पहिला खंड छापून निघाला, आणि बखरकारानें काय घेतलें, काय सोडलें, काय आपल्या पदरचें घातलें, हें वाचकासमोर आलें. बखरकाराच्या हातांत लेखणी होती, दप्तर नव्हतें. येथें कात्री आणि दप्तर दोन्ही एकाच कंपनीच्या कपाटांत आहेत.

शिवाय बखर वाचून कोणी मत टाकीत नसे. येथें प्रेक्षक रोजच्या त्या तासावरून न्यायाधीश होतात. २०१८ सालीं मेघा धाडे, २०१९ सालीं अमरावतीचे शिव ठाकरे, २०२४ सालीं बारामती तालुक्यांतील मोढवे गांवचे सूरज चव्हाण, हे लोकांच्या मतांनीं विजयी झाले. सूरज यांच्याविषयीं घराघरांतून जी माया उमटली ती खोटी होती, असें मी मुळींच म्हणत नाहीं. पण मतें मिळून जे हरले, ज्यांना बाहेर पडल्यावर रस्त्यांत लोकांनीं ‘तोच तो कपटी’ म्हणून ओळखलें, त्यांची बाजू कोणत्या दप्तरांत शोधावयाची?

हॉलंडांत १९९९ सालींच त्या घराचें चित्रण रात्रंदिवस इंटरनेटवर पाहतां येत होतें. म्हणजे राजवाड्यांचें काम तेथें कोणाही रिकामटेकड्यास थोडेंबहुत करतां आलें असतें. हिंदींतही २०२१ सालीं तशी एक सोय झाली होती. माझी सूचना याहून लहान आहे. ज्याच्यावर एखाद्या दिवसाच्या भागावरून ठपका आला, त्यास त्या दिवसाचें मूळ चित्रण आपल्या माणसांसह बसून पाहावयास मिळावें, आणि तें मागण्याचा हक्क त्यानें घरांत पाऊल टाकण्यापूर्वींच करारनाम्यांत लिहिलेला असावा.